तुम्ही विचारलंत म्हणून: डोलखुर्चीच्या कमानी मी का करत नाही

"वेत विणून देता, सांधे आवळून देता, चपडी लाखेचं पॉलिशसुद्धा हाताने मारता. मग खालच्या दोन वाकड्या पट्ट्या तेवढ्या का करून देत नाही?" लोक हे फोनवर विचारतात, दुकानाच्या पायरीवर विचारतात. एकाने तर सावंतवाडीला लग्नाच्या पंगतीत, पानावर भात वाढलेला असताना विचारलं. मी दर वेळी वेगळं सांगत आलो. लाकूड मिळत नाही, वेळ नाही, पाठ धरते. पाठ धरते हे खरं आहे. कारण ते नाही.

आधी ते 'पट्ट्या' म्हणणं सोडा. आमच्याकडे त्यांना कमानी म्हणतात. डोलखुर्चीत वरचं सगळं सुतारकाम असतं, खालचं गणित. मला हे कळायला एक माणूस पडावं लागलं.

वेंगुर्ल्याकडच्या एका घरातली खुर्ची. सागवानी, मुंबईहून बोटीने आलेली असं घरात सांगायचे. पूर्वी आपल्याकडे झोपाळ्यांचंच राज्य होतं, आणि ते बरोबरच होतं म्हणा, सारवलेल्या जमिनीत डोलखुर्ची रुततेच. या घरात जमिनीला कोबा झाला तेव्हा तिचे चांगले दिवस आले. पण वर्षानुवर्षं पागोळ्यांजवळच्या ओल्या कोब्यावर उभी राहून कमानी खालून कुजल्या. त्या घरातल्या म्हाताऱ्या काकी तिच्यावर बसायच्या. त्यांचा मुलगा ती माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "नव्या कमानी कर, आणि मस्त डोलली पाहिजे. आता नुसती कुरकुरते." मी एकतीस वर्षांचा होतो. बाबा नुकतेच गेले होते. गिऱ्हाईक माझं नाव काढत आलं याचंच मला अप्रूप.

जुनी कमान मागच्या टोकाला कुजून गळली होती. जेवढी उरली होती तेवढीच तिची लांबी, असं मी धरलं. मापाची काठी लावायचं सुचलं नाही असं नाही, गरज वाटली नाही. आणि 'मस्त डोलली पाहिजे' म्हणून कमान जास्त गोल केली. जमिनीवर खिळा ठोकला, 30 इंचांची दोरी घेतली, पेन्सिल बांधून फिरवली. पंधरवड्यात खुर्ची पोचती केली. बोट लावलं की डोलायची. मी स्वतः बसून बघितलं. काकींना बसवून बघितलं नाही.

दहाव्या दिवशी काकी मागे पडल्या. डोक्याला पाच टाके, उजवं मनगट मोडलं.

मी गेलो तेव्हा त्या पलंगावर होत्या. त्यांचा मुलगा माझ्याकडे बघतही नव्हता. ओसरीत नवीन गुळगुळीत लाद्या घातलेल्या दिसल्या आणि मी म्हटलं, "लाद्यांवरनं सरकली असणार." नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण शाळेत शिकलो होतो, त्या दिवशी शब्दशः जगलो. काकीच म्हणाल्या, "खुर्ची तुझी बरी असा रे. मीच म्हातारी झालंय." त्या शिव्या घालत्या तर मी आजवर शंभर कमानी केल्या असत्या.

मनगट जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी वळली नाहीत. काकी संध्याकाळी ओसरीवर बसून अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, करायच्या. ते थांबलं.

हिशेब मी नंतर केला. कुजकी कमान माळ्यावर होती. तिच्यावर 28 इंच दोरी ताणून धरली आणि मधला खळगा मोजला. अडीच इंच. म्हणजे वर्तुळ 40 इंच त्रिज्येचं. माझ्या कमानीत तोच खळगा साडेतीन इंच निघाला. फरक एका इंचाचा. पण बसलेल्या माणसाचा भार जमिनीपासून अदमासे दोन फुटांवर एकवटतो, आणि ती जागा वर्तुळाच्या केंद्राच्या बरीच खाली राहिली, तरच खुर्ची मागे जाऊन परत येते. जुन्या कमानीत 16 इंचांची मोकळीक होती. माझ्यात 6 उरले. मागचं शेपूट आखूड, म्हणजे टेकायलाही काही नाही.

आणि आता माझी बाजू. मुलाने आईला मऊ लागावं म्हणून तीन-चार इंचांची फोमची उशी घातली होती. उशीने काकी तेवढ्याच वर गेल्या. 6 चे 3 झाले. उशी नसती तर पडल्या असत्या का? कधी वाटतं नाही. कधी वाटतं, म्हाताऱ्या माणसाच्या खुर्चीत उशी येणारच, हे धरून न चालणारा सुतार कसला?

त्यात माझ्या कमानी सरळ फळीतून कापलेल्या. टोकाशी लाकडाचे धागे आडवे तुटतात, तिथे ती कधीतरी मोडलीच असती. तुम्ही ज्या गोल-गोल वेटोळ्यांच्या खुर्च्यांचे फोटो पाठवता, त्या थोनेट या युरोपातल्या खुर्च्या घडवणाऱ्या कारागिराच्या घडणीच्या. त्यांची पहिली डोलखुर्ची 1860 ची. बीच नावाच्या झाडाचे दांडे वाफेवर मऊ करायचे, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आवळायची म्हणजे धागे ताणून फाटत नाहीत, मग साच्यात वाकवायचे. धागा वळणाबरोबर वळतो. आमच्या बंदरावरच्या होडी बांधणाऱ्या काकांनी वाफ नसताना तेच सांगितलं: "वाकडा लाकूड झाडावरच शोधूचा." होडीच्या फासळ्या ते तशाच काढायचे.

मी शोधलं. आईनाच्या दोन वाकड्या फांद्या सहा वर्षं माळ्यावर वाळतायत. गेल्या रविवारी एकीवर 40 इंचांची दोरी धरून पेन्सिल फिरवली. करवत काढली नाही. बायको म्हणाली, आता बास कर, एक तर कापून टाक नाहीतर चुलीत घाल. दोन्ही केलं नाही.

तर वेत तुटला असेल तर खुर्ची जरूर आणा, भोकाभोकांतून विणून देईन. येताना बसायची उशीपण घेऊन या. मोजायची आहे.