चुलीला कसला वास येतोय?

ज्या घरात रोज चूल पेटते, तिथल्या माणसांना धुराचा वास येत नाही. पाहुणा अंगणातच थांबतो, छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "वा, काय मस्त चुलीचा वास!" त्यावर आमची काकू "कसला वास?" म्हणत दचकून स्वयंपाकघरात धावते. तिच्या लेखी चुलीला वास येतोय याचा अर्थ काहीतरी बिघडलंय.

गुहागरकडच्या आमच्या घरात गॅस आहे, इंडक्शनही आहे. तरी भात, फणसाची भाजी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. त्यामुळे काकूच्या नाकाला निवृत्ती नाही. तिच्या तपासाचा क्रमही ठरलेला: आधी भांडं, मग लाकूड, मग चूल आणि शेवटी धुराची वाट.

भांड्याचे वास सोपे असतात. दूध खाली लागलं, भाताची पेज निखाऱ्यावर सांडली, हे शेजारच्या घरालाही कळतं. कढईतलं तेल फार तापलं की घशात टोचतं आणि डोळ्यांत पाणी येतं. तेलातून ॲक्रोलीन नावाचं द्रव्य सुटतं, त्याचा हा प्रताप. यात काकूला फारसा रस नाही. झाकण उचलायचं, बघायचं, पुढे जायचं.

खरी गंमत लाकडात. ओल्या लाकडाचा वास आंबट येतो. आंबट म्हणजे खरोखरच आंबट, कारण लाकूड नीट न जळता नुसतं तापत राहिलं की त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. एके काळी बंद भांड्यांत लाकूड तापवून हे आम्ल काढण्याचे कारखाने चालत. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. मग आगीचा सगळा जोर ते पाणी उकळण्यातच जातो, जाळ थंड पडतो आणि अर्धवट जळलेला धूर घरभर फिरतो. काकूला रसायन ठाऊक नाही. ती लाकडाच्या चुलीबाहेरच्या टोकाकडे बघते. तिथे फेस येऊन चुरचुरत असेल तर ते लाकूड उचलून वैलाच्या, म्हणजे चुलीला जोडलेल्या धाकट्या चुलीच्या, बाजूला वाळत ठेवते, आणि मे महिन्यात ज्यानं जळण रचलं त्याचा उद्धार करते. पावसाळ्याची बेगमी पडवीत कोणी आणि कशी रचली, यावर आमच्याकडे माणसाची पारख होते. खालचा थर जमिनीला टेकलेला असेल तर श्रावणात त्याला बुरशी येतेच, आणि मग चुलीतून जो कुबट वास येतो तो भातालाही लागतो.

काजूची गोष्ट वेगळी. गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरचे जुने वासे काढले आणि अर्थातच ते जळणात गेले. लाकूड खणखणीत कोरडं, जाळ झकास. पण पहिल्याच दिवशी सगळ्यांचे डोळे लाल आणि घसे बसलेले. काकूनं वाशाचा तुकडा नखानं खरवडला, हुंगला आणि म्हणाली, "ह्याला डीक लावलाय." वाळवी लागू नये म्हणून पूर्वी लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल, म्हणजेच हा डीक, चोपडत. होड्यांनाही लावत. ओली काजू सोलताना बोटांची सालं काढतं तेच हे तेल, आणि त्याचा धूर डोळ्यांना तितकाच झोंबतो. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्ब्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही, हे आमच्याकडे पोरांनाही सांगावं लागत नाही. वासे मात्र बिचारे सभ्य दिसत होते.

हल्लीचा सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे दुधाची पिशवी. रॉकेल मिळेनासं झालं, नारळाची करवंटी आणि सोडणं (वरची सालं) वेळेवर हाताशी नसतात, मग कोणीतरी शहाणा जाळ धरण्यासाठी पिशवी सरकवतो. हा वास काकू अंगणातून ओळखते आणि तिथूनच ओरडते. मला वाटतं, ती या बाबतीत पुरेशी ओरडत नाही. प्लायवूडचे तुकडे आणि रंगवलेल्या खिडक्यांच्या चौकटीही त्याच यादीत टाकायला हव्यात. प्लायवूडमधला डिंक आणि जुन्या रंगातलं शिसं ताटाजवळ जाळण्याच्या वस्तू नव्हेत.

सकाळी पहिल्या जाळाबरोबर केस जळल्याचा वास आला तर मात्र घरात कोणी हलत नाही. रात्री मांजर चुलीतल्या उबदार राखेत झोपतं आणि आपले केस तिथेच ठेवून जातं. केसांत गंधक असतं, म्हणून तो वास इतका उग्र. पिसांचाही तसाच येतो, आणि कोंबडी राखेत लोळून गेली असेल तर मांजरावर विनाकारण आळ येतो.

उरलं धुराडं. निर्धूर चुली घरोघरी बसवण्याची राष्ट्रीय योजना १९८३ च्या सुमारास सुरू झाली. तिच्या पुढच्या काळात कधीतरी आमच्याकडेही सिमेंटचा पाइप आला. धूर कमी झाला, काकूचा खोकलाही. पण थंड पाइपात धूर गोठतो आणि आतून काळा, चिकट, डांबरासारखा थर धरतो. पावसाचं पाणी आत झिरपलं की चूल विझलेली असतानाही घरभर शिळ्या धुराचा वास. उपाय एकच: पाइप उतरवून खरवडायचा.

हे सगळं ज्ञान यंदाच्या एप्रिलमध्ये यॉर्कशरला उपयोगी पडलं. काकूची मुलगी, म्हणजे आमची ताई, तिथे असते. तिच्या बैठकीच्या खोलीत लाकडाचा लोखंडी स्टोव्ह आहे. लाकूड ती पिशवीतलं, शिक्का मारलेलं आणते, कारण २०२१ च्या मे महिन्यापासून इंग्लंडमध्ये अशा किरकोळ विक्रीच्या लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. तरी वास येतो म्हणून तिनं व्हिडिओ कॉल लावला. फोनवरून वास येत नाही, ही काकूची विज्ञानाबद्दलची जुनी तक्रार.

"आंबट की करपट?"

"दोन्ही नाही गं आई. आणि स्टोव्ह दोन आठवडे बंदच आहे."

"पावसाचं पाणी गेलं असेल धुराड्यात."

"तसा धुराचा नाही. घाण, ओलसर. आपल्या खुराड्यासारखा."

काकू क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पेटवू नको. वर कोणीतरी राहायला आलंय."

हा सल्ला लाखमोलाचा होता. धुराची वाट तुंबली की कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो, आणि त्याला वासच नसतो. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपलेली माणसं त्यानंच जातात. आमच्या कौलांच्या फटी आजवर आम्हाला सांभाळत आल्यात. ताईचं घर हवाबंद, म्हणून तिच्याकडे स्टोव्हबरोबर या वायूचा अलार्मही बसवलेला आहे. स्वयंपाकाच्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. चुलीतल्या या वायूत असं मिसळणार कोण?

धुराडं साफ करणारा माणूस आला. वर जॅकडॉ या कावळ्याच्या भाऊबंदानं घरटं केलं होतं. हे पक्षी धुराड्यात काटक्या टाकत राहतात. त्या कुठेतरी अडकतात आणि त्यावर घरटं उभं राहतं. १९८१ च्या तिथल्या कायद्यानुसार वापरातलं घरटं काढता येत नाही. पिल्लं उडाली की मगच साफसफाई.

"म्हणजे महिना-दीड महिना स्टोव्ह बंद," ताई वैतागून म्हणाली. "इथे अजून आठ डिग्री आहे."

"मग शाल घे," काकू म्हणाली. "आणि त्या माणसाला सांगून ठेव, घरटं काढलंस की काटक्या फेकू नकोस म्हणावं. उन्हात टाक चार दिवस. पेटवणाला बऱ्या."