फ्रँकफर्टची लष्करी डिझेल इंजिनं: कधी जावं, काय बघावं

फ्रँकफर्टला जुनी लष्करी डिझेल इंजिनं बघायची असतील तर आधी दोन संस्थांचं वेळापत्रक बघा, मग विमानाचं तिकीट काढा. एक आहे 'हिस्टोरिशे आयझेनबान फ्रँकफर्ट'. ही मंडळी माइन नदीच्या काठाने जुन्या गाड्या चालवतात. दुसरं आहे रेबश्टॉक पार्कातलं 'फ्रँकफुर्टर फेल्डबानम्युझियम', म्हणजे नॅरोगेजचं संग्रहालय. दोन्हीकडचं काम नोकरी-धंदा सांभाळून येणारे हौशी लोक करतात. त्यामुळे नदीकाठची गाडी वर्षातल्या मोजक्याच शनिवार-रविवारी धावते आणि संग्रहालयही ठरावीक दिवशीच उघडतं. माझी भाची तिथे नोकरीला आहे. तिने दोन्ही तारखा जुळवून दिल्या, मला फक्त रजा टाकायची होती.

नदीकाठची गाडी आयझर्नर श्टेग या लोखंडी पादचारी पुलापाशी उभी असते. मुख्य स्टेशनपासून चालत जाता येतं. संस्थेकडे वाफेची देखणी इंजिनं आहेत आणि गर्दी त्यांच्याभोवतीच असते. मी गेलो होतो ते व्ही ३६ ४०६ या नंबरच्या डिझेल इंजिनासाठी. दिसायला हे इंजिन अगदीच साधं: पुढे लांब बोनेट, मागे केबिन, तीन जोड्या चाकं आणि त्यांना जोडणारे रॉड. डिझेलला वाफेच्या इंजिनासारखे रॉड कशाला, हे तिथेच नीट बघून घ्या. इंजिनाची ताकद आधी द्रवावर चालणाऱ्या ट्रान्समिशनमध्ये जाते, तिथून एका आडव्या दांड्यावर येते आणि त्या दांड्यापासून रॉडने चाकांच्या तिन्ही आसांना (अ‍ॅक्सलना) मिळते. या दांड्याला स्वतःची चाकं नसतात. चाकांच्या रांगेत एक क्रँक नुसताच फिरताना दिसला की तोच तो. विजेच्या मोटारी नाहीत, तांब्याच्या तारांची गुंडाळी नाही. लढाईच्या काळात तांबं मिळणं मुश्कील, आणि रॉड तर कुठल्याही लोको शेडमधला फिटर बसवू शकत होता.

या घराण्याचं मूळ नाव डब्ल्यूआर ३६० सी १४. लष्करी मालिका, स्टँडर्ड गेज, ३६० अश्वशक्ती, तीन जोडलेले आस आणि प्रत्येक आसावर १४ टन भार, एवढं सगळं त्या नावात आहे. याच पद्धतीने २०० बी १४ आणि ५५० डी १४ ही भावंडं ओळखता येतात. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन सैन्याने ही मालिका मागवली, त्यामागचं कारण रोखठोक होतं. दारूगोळ्याच्या कोठारात, इंधनाच्या साठ्याशेजारी ठिणग्या उडवणारं वाफेचं इंजिन नेणं म्हणजे संकटाला आमंत्रण. शिवाय विमानतळाजवळ धुराचा लोट उठला की वरून शत्रूला पत्ता कळतो. वाफेच्या इंजिनाला पेटवायलाच काही तास लागतात आणि पाणी तर सारखंच लागतं. डिझेलला यातलं काही नको. म्हणूनच ही इंजिनं उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातही पोचली.

सुरू करायची पद्धत बघायला गाडी सुटायच्या बरंच आधी जा. यात सेल्फ-स्टार्टर नाही. टाकीत साठवलेली दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडतात. आधी मोठा फुसकारा येतो, मग एक जड ठोका, दुसरा, तिसरा, आणि मग सहाही सिलिंडर ताल धरतात. पायाखालची फरशी थरथरते. आपल्या रेल्वेच्या अल्को डिझेल इंजिनांच्या आवाजावर वाढलेल्या माणसाला हा आवाज जरा मठ्ठ वाटेल, पण कान ठेवून ऐकण्यासारखा आहे.

एक खुलासा करायला हवा, कारण फलाटावर दोघा-तिघांना मी चुकीची माहिती सांगताना ऐकलं. ४०६ हे युद्धात वापरलेलं इंजिन नाही. ४०१ ते ४१८ ही इंजिनं युद्ध संपल्यावर कील शहरातल्या माक कंपनीने त्याच आराखड्यावर, थोडे फेरफार करून बांधली. देश बेचिराख झालेला, तरी रेल्वेने सैन्याचाच आराखडा पुढे चालवला, कारण हाताशी असलेलं चांगलं मशीन तेच होतं. उरलेली युद्धकाळातली इंजिनंही पश्चिम जर्मनीत व्ही ३६ आणि ऑस्ट्रियात २०६५ या नावाने कामाला लागली. मला यातला हाच भाग सगळ्यात रोचक वाटतो. कोठारात गुपचूप शंटिंग करायला बनवलेलं इंजिन पुढे साध्या पॅसेंजर गाड्या ओढू लागलं. डबे पुढे आणि इंजिन मागे असं चालवताना ड्रायव्हरला डब्यांवरून दिसावं म्हणून काहींच्या केबिनवर उंच काचेची टपरीसुद्धा बसवली होती. माहितीफलकांवर अश्वशक्ती आणि वेग असतो. युद्धकाळात जर्मनीच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबत होते, हे मात्र तुम्हाला सोबत घेऊन जावं लागतं.

दुसऱ्या ठिकाणासाठी मुख्य स्टेशनवरून १७ नंबरची ट्राम धरा, रेबश्टॉकबाडला उतरा आणि पुढे चालत जा. इथलं गेज ६०० मिलिमीटर, आपल्या माथेरानच्या ६१० च्या अगदी जवळचं. माथेरानची पहिली डिझेल इंजिनं १९५५च्या सुमारास ज्या युंग कारखान्यातून आली, त्या कारखान्याची छोटी इंजिनं इथे भेटतात. लष्करी डिझेलमध्ये शोधायच्या त्या एचएफ ५० बी आणि एचएफ १३० सी या मालिका: सैन्याच्या फिल्ड रेल्वेची, म्हणजे आघाडीपर्यंत टाकलेल्या छोट्या रुळांवरची, ५० आणि १३० अश्वशक्तीची. १३० सी समोर आलं तर वाकून बघा. चौकट बाहेर आणि चाकं आत आहेत. सैन्य पुढे सरकेल तसं रुळांचं गेज बदलणार, म्हणून ६०० मिलिमीटरपेक्षा रुंद गेजचीही चाकं बसवता येतील अशी सोय मुळातच ठेवलेली होती. युद्धानंतर ऑस्ट्रियाच्या ७६० मिलिमीटरच्या डोंगरी गाड्यांवर हीच इंजिनं २०९२ या नावाने धावली.

उद्यानातून फिरवणारी गाडी उघड्या डब्यांची आहे. उन्हाळ्यातही अंगात जाकीट हवं आणि लहान मुलांच्या कानांवर काहीतरी. रोख युरो जवळ ठेवा, अशा ठिकाणी कार्डावर विसंबू नये. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, तेव्हा खाण्याची सोय शनिवारीच करा. आम्ही पोळीच्या गुंडाळ्या नेल्या होत्या. बाकड्यावर बसून खाल्ल्या, कोणी हटकलं नाही. शहरात ट्राम-बसचा दिवसाचा पास सोयीचा पडतो. स्वयंसेवकांशी 'गूटन टाग' म्हणून सुरुवात केली की बरेच जण इंग्रजीत बोलतात, आणि इंजिनात रस आहे असं दिसलं की वर्कशॉपचा कोपराही दाखवतात. आपणहून दोरी ओलांडू नका.

लष्करी डिझेलबद्दल वाचून वाचून कोणी आशाफेनबुर्गजवळच्या श्पेसार्ट डोंगराच्या घाटात जायचा बेत करेल, म्हणून सांगतो. जर्मन सैन्याची 'डोरा' ही रुळांवरची ८० सेंटिमीटरची तोफ हलवायला १९४१ साली डी ३११ ही जोड-डिझेल (दोन भाग जोडलेली) इंजिनं बनली. तोफेचा नेम डावीकडे-उजवीकडे करायचा तर अख्खी तोफ वळणदार रुळावर इंच-इंच सरकवावी लागे. त्याला विजेच्या मोटारींची बारीक पकड हवी होती, म्हणून इथे मात्र रॉड नाहीत. युद्धानंतर त्यांतली दोन व्ही १८८ या नावाने आशाफेनबुर्गला आली आणि घाटात मालगाड्यांना मागून ढकलू लागली, कर्जत-लोणावळ्याला बँकर लावतात तशी. दोन्ही इंजिनं १९७०च्या आसपास निवृत्त होऊन भंगारात गेली. २०१७ साली घाटातला जुना चढही नव्या बोगद्यांनी बाद केला. तिथे आता या इंजिनांचं काहीच उरलेलं नाही. एक रविवार हाताशी असेल तर डार्मश्टाटजवळच्या क्रानिखश्टाइनच्या रेल्वे संग्रहालयात घालवा. जुनी लोको शेडच आहे ती, आणि ते संग्रहालय स्टेशनपासून फार लांब नाही.