तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांना मी पुण्यात का आणत नाही

मार्च लागला की हा प्रश्न सुरू होतो. मावशी विचारते, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, यंदा तर एका काकांनी लग्नाच्या मांडवात सगळ्यांदेखत विचारलं. सोबत मोबाइलवरचा तापमानाचा आकडा दाखवतात: अण्णा राहतात त्या नाशिककडच्या निफाडला 41, पुण्यात 39. मुलीचा एवढा फ्लॅट असताना बाप तिकडे उन्हात, हे तुम्ही बोलत नाही, पण मला ऐकू येतं. म्हणून एकदाच काय ते सांगते.

आणलं होतं मी त्यांना. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात. तेव्हा हेच आकडे मी भावाला दाखवत होते. तो म्हणाला, "तिथं त्यांना रात्री झोप लागायची नाही." मला वाटलं, ह्याला मळ्यावर राखणीला माणूस हवाय. तसं मी तोंडावर बोललेही. त्याने ते मनातून काढलंय की नाही, मला विचारवत नाही.

आमचं घर हडपसरच्या पुढे, शेवटच्या मजल्यावर. डोक्यावर थेट स्लॅब, आणि अण्णांच्या खोलीची भिंत पश्चिमेची. दिवसा ते मजेत होते. पंख्याखाली पेपर वाचायचे, लासलगावचा कांद्याचा भाव विचारायला गावी फोन करायचे. मला वाटलं, जिंकले मी. पहिल्याच रात्री अकराच्या सुमारास त्यांनी हाक मारली. पलंगावर उठून बसले होते, तळवा भिंतीला टेकवलेला. "हात लाव इथं," म्हणाले. सूर्य मावळून चार तास झाले होते आणि भिंत चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्यासारखी अजून ऊब सोडत होती.

गच्चीवर निजतो म्हणाले, तर गच्चीला सोसायटीचं कुलूप. खिडकी उघडली तर समोर डक्ट, आणि त्यात चार घरांच्या एसीचा गरम झोत. आमचा एसी लावला की त्यांचे गुडघे धरायचे, मग ते गुपचूप बंद करायचे. मी चिडायचे. रात्री सारखं उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर ते पाणीच पीत नव्हते, आणि रक्तदाबाची गोळी तर लघवी वाढवणारी. दोन्ही मला माहीत असायला हवं होतं. गोळ्यांचा डबा मीच भरत होते.

सहाव्या दिवशी पहाटे पाचला ते पलंगाच्या कडेवर बसून सदऱ्याची गुंडी लावत होते. गुंडी एका काजात, हात दुसऱ्याच काजावर. मला म्हणाले, "मोटर चालू केली का? लाइट जाईल आता." जीभ कोरडी पडली होती. मी "अण्णा, आपण पुण्यात आहोत" म्हणत राहिले आणि ते माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले. चार दिवस दवाखाना. अंगातलं पाणी कमी झालेलं, रक्तातलं सोडियम उतरलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसाची उष्णता शरीर रात्री बाहेर टाकतं, यांना तशी रात्रच मिळाली नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. तुम्ही दाखवता तो आकडा दुपारचा असतो, आणि तोही जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीतल्या सावलीत मोजलेला. माझ्या भिंतीचा नव्हे. किमान, म्हणजे पहाटेचं, तापमान बघा ना कधी. पुण्यातल्या पुण्यात शिवाजीनगर आणि आमच्या हडपसरकडचा मगरपट्टा यांच्यात उन्हाळ्यात कित्येकदा चार-पाच अंशांचा फरक पडतो. ढगांना नावं देणाऱ्या ल्यूक हॉवर्डने दोनशे वर्षांपूर्वी लंडन आणि आसपासचं खेडं ताडून पाहिलं होतं. दिवसा शहर उलट किंचित गारच भरलं, पण रात्री फॅरनहाइटचे 3.7 अंश, म्हणजे आपले दोन अंश, जास्त गरम. फरक रात्रीचा आहे, हे तेव्हापासून माहीत आहे. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पोटात साठवतं. मोकळ्या रानातली उष्णता रात्री सरळ आभाळात निघून जाते. शहरात एका इमारतीने सोडलेली समोरची इमारत झेलते. पाला नाही, ओल नाही, त्यामुळे बाष्प होऊन गारवा यायचा तोही नाही.

आणि हे मला वाचून कळावं? मी निफाडची. थंडीत पारा पाचाच्या खाली गेला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या घरातली. जे उघडं रान डिसेंबरात आमचा जीव खायचं, तेच मे महिन्याच्या पहाटे अण्णांना पांघरूण घ्यायला लावायचं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी आकडा दाखवत बसले.

आता तुम्ही म्हणाल, मग गाव बरं. तसंही मी म्हणत नाही. दुपारी बारा ते चार तिकडे खरंच भाजतं. पत्र्याच्या चाळीत कांदा भरणाऱ्या बायांना रात्रीच्या गारव्याचं काय सांगायचं? शिवाय अण्णांना चक्कर आली तर मोठा दवाखाना नाशिकला. माझा निर्णय बरोबर होता असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. मला फक्त तो प्रश्न थांबायला हवाय.

त्यात भावाने मागच्या वर्षी कौलं उतरवून स्लॅब टाकला आणि अंगणात पेव्हर बसवले. आता घर तिथेही रात्रभर धुमसतं. अण्णा बाहेर बाज टाकायला बघतात, पण शेजारी उसात बिबट्या आहे, म्हणून भाऊ निजू देत नाही. ओट्याला लोखंडी जाळी बसवायला मी पैसे पाठवले. अण्णा म्हणतात, पिंजरा बिबट्याला लावतात, माणसाला नाही. अण्णांची आणि माझी अजून रोज रात्री फोनवर ह्यावरून वादावादी चालते, आणि जाळी वेल्डरकडे पडून आहे.