दोष कुणाचा?

"डॉक्टर, तीन माद्या झाल्या, एकही गाभण राहिली नाही. माद्याच खराब निघाल्या." टेबलावर पिंजरा ठेवता ठेवताच गृहस्थांनी निकाल देऊन टाकला.

बोका मात्र देखणा होता. बेंगाल जातीचा, म्हणजे घरचं मांजर आणि रानातली 'लेपर्ड कॅट' यांच्या संकरातला, सोनेरी अंगावर काळ्या कडांचे डाग, आणि माझ्या हातमोज्यांकडे रोखलेली संशयी नजर. कागदावर 'पिढी दुसरी' असं लिहिलं होतं, म्हणजे त्या संकरापासूनची दुसरी. माझी पाल तिथेच चुकचुकली.

भूल देऊन तपासलं. बोक्याच्या शिश्नावर बारीक काटे असतात, टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक तयार होत असेल तरच. याचे चांगले खरखरीत होते, अंडही जागच्या जागी. म्हणजे रुबाब, मारामाऱ्या, भिंतीवर मुतणं सगळं शाबूत. मग बारीक कॅथेटरने थेंबभर वीर्य काढलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. चार-दोन सुट्या पेशी, बाकी सगळं रिकामं. दुसऱ्या स्लाइडवरही तेच. एकही शुक्रजंतू नाही.

"म्हणजे बिबट्याचं रक्त असल्यामुळे?" त्यांनी विचारलं.

हा घोळ नावाने घातलेला आहे. 'लेपर्ड कॅट' हे घरच्या मांजराएवढंच रानातलं मांजर. बिबट्याशी त्याचं सोयरसुतक नाही. बिबट्याचं आणि मांजराचं घराणं एक कोटी वर्षांपूर्वीच वेगळं झालं, त्यांचा संकर होत नाही. लेपर्ड कॅट त्यामानाने जवळची. दोघांचीही गुणसूत्रं 38, आणि त्यांची पिल्लं होतात. पण संकरात नुकसान आधी नराच्या वाट्याला येतं, कारण त्याची लिंगगुणसूत्रं एक्स आणि वाय अशी वेगवेगळी. जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी हा नियम 1922 मध्येच मांडून ठेवलाय. पहिल्या दोन-तीन पिढ्यांतले बोके बहुधा वांझ, माद्या मात्र वितात. म्हणून पैदास करणारे माद्यांनाच पुन्हा घरगुती बोके दाखवत पुढे जातात.

नातं आणखी जवळचं असेल तर ही अडचणही येत नाही. स्कॉटलंडमधल्या रानमांजरांचा पाळीव मांजरांशी इतका संकर झालाय, की अस्सल रानमांजर सापडणं मुश्किल.

गृहस्थ स्लाइडकडे बघत राहिले. "तिघींच्याही मालकांना मी वाट्टेल ते बोललोय हो," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला.