बाराव्या ठाण्यातली कॉफी

जेवण झालं की मला थोडं आडवं व्हायला लागतं. परवा दुपारी असाच डोळा लागत होता आणि बाहेरच्या खोलीत भाच्यानं कुठलीतरी पोलिसांची मालिका लावली. सायरन, करकचून ब्रेक, काच फुटली, कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, की पुन्हा सायरन. झोपेचं खोबरं. उठून बाहेर आले आणि म्हटलं, अरे, यांच्या ठाण्यात कुणी कागद लिहितं की नाही? पकडला गुन्हेगार, बरं झालं. पण त्याचं नाव, वय, राहणार कुठला, हे कोण टाइप करणार?

भाचा म्हणाला, "मावशी, ते दाखवलं तर बघेल कोण?"

मी बघते की. कित्येक वर्षं बघतेय.

‘बार्नी मिलर’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, याची मला सवय झालीय. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर जानेवारी १९७५ ते मे १९८२, आठ हंगाम चाललेली ही पोलीस ठाण्यावरची विनोदी मालिका. त्या काळातल्या दुसऱ्या विनोदी मालिकांची नावं लोक अजून घेतात, त्यांच्यावर लेख येतात, वर्धापनदिन होतात. हिची आठवण फारशी कुणाला होत नाही. मला ती बहिणीकडे न्यू जर्सीला राहायला गेले होते तेव्हा भेटली. रात्री झोप उलटसुलट झालेली, घर सामसूम, आणि टीव्हीवर एक बेस गिटार एकटीच डुगडुगायला लागली. मागे मॅनहटनच्या इमारती. ती सुरावट ऐकून मी रिमोट खाली ठेवला, तो ठेवलाच.

सगळी गोष्ट एका खोलीत घडते. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधलं बारावं पोलीस ठाणं, त्यातली वरच्या मजल्यावरची डिटेक्टिव्हांची खोली. घासलेली टेबलं, टाइपरायटर, फायलींची कपाटं, कोपऱ्यात जाळीचा एक पिंजरा, त्यात आजचा आरोपी. एक दार कॅप्टन बार्नीच्या केबिनचं, एक संडासाचं. संपलं नेपथ्य. गुन्हे होतात ते बाहेर. फोन वाजतो, दोघं कोट चढवून जातात आणि थोड्या वेळानं बेड्या घातलेल्या एखाद्या गृहस्थाला घेऊन येतात. पाठलाग झाला असेल तर तो आपण त्यांच्या धापांवरून ओळखायचा. आपल्या जुन्या नाटकांत लढाई विंगेत व्हायची आणि दूत येऊन वृत्तांत सांगायचा, तोच प्रकार. माझ्यासारख्या, लहानपणापासून नाटकाच्या खुर्चीत बसून मोठ्या झालेल्या बाईला याहून काय हवं? कॅमेरा रस्त्यावर गेला की मला उगीच धाकधूक होते, आता काहीतरी फुटणार. बार्नीचं काम करणारा हॅल लिंडनही मूळचा रंगभूमीवरचाच, संगीतिकेतल्या कामासाठी १९७१ साली टोनी पुरस्कार मिळालेला. तो नुसता केबिनच्या दारात येऊन उभा राहतो, मिशीखाली ओठ आवळतो, आणि खोलीतला गोंधळ अर्धा होतो. असं उभं राहणं पडद्यावर शिकवून येत नाही.

खरं ठाणं मी आतून पाहिलं ते वडिलांची सायकल गेली तेव्हा. मी तिसरी-चौथीत असेन. वडील शाळामास्तर. तक्रार घरूनच शुद्ध मराठीत लिहून नेली होती, समास सोडून. हवालदारांनी ती बाजूला ठेवली, दोन कागदांत कार्बन घातला, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

"सायकलला कुलूप होतं?"

"होतं."

"मग कुलूप कुठाय?"

"सायकलबरोबर गेलं."

हवालदारांनी पेन उचललं, ठेवलं. "म्हणजे कुलूप पण चोरीला. त्याची किंमत वेगळी लिहू का सायकलीत धरू?"

वडील गंभीरपणे विचार करायला लागले. तेवढ्यात बाकावरच्या दोन बायकांचं भांडण पुन्हा पेटलं; कुणाच्या कोंबडीनं कुणाचं वाळवण विस्कटलं असा मामला होता. हवालदारांनी मान न उचलता "बाई, तुमचा नंबर येईल, तोवर कोंबडीला काही होत नाही" असं म्हटलं आणि वडिलांना विचारलं, "हं, मडगार्ड कुठल्या रंगाचं?" त्यांचा चहा आला. त्यांनी अर्धा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. सायकल काही मिळाली नाही. मला मात्र पोलीस म्हटलं की आजही आधी कार्बनचा निळा अंगठा दिसतो, बंदूक मागून कधीतरी.

म्हणून असेल, बारावं ठाणं मला परकं वाटलंच नाही. आणि हे माझं एकटीचं वेड नाही. पुष्कळ अमेरिकन पोलिसांचंही म्हणणं असंच, की टीव्हीवरच्या सगळ्या पोलिसांत खरे वाटतात ते बार्नीचेच. डेनिस फरीना हा नट आधी अठरा वर्षं शिकागोच्या पोलीस दलात होता, त्यानंही हाच निर्वाळा दिला होता. कारण उघड आहे. दिवसातला बराच वेळ अहवाल लिहिण्यात, फोनची वाट बघण्यात आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाची थट्टा करण्यात जातो. नोकरी केलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

आता माणसं. फिश नावाचा म्हातारा डिटेक्टिव्ह, निवृत्तीला टेकलेला, शरीराचा प्रत्येक भाग तक्रार करणारा, निम्मा एपिसोड संडासाच्या दाराआड घालवणारा. हे काम एब व्हिगोडाचं. ‘गॉडफादर’ सिनेमात टेसिओ हा माफिया म्हणून ज्यानं अंगावर काटा आणला होता तोच चेहरा, तेच खांदे पाडून बसणं, आणि इथे हसून मुरकुंडी. १९८२ साली एका मासिकानं व्हिगोडा वारला असं छापून टाकलं. या पठ्ठ्यानं शवपेटीत उठून बसून, हातात तोच अंक धरून फोटो काढून घेतला. नंतर २०१६ पर्यंत जगला. फिशला हे जमलं नसतं. तो म्हणाला असता, छापलंय तर बरोबरच असेल.

हॅरिस कपड्यांचा शौकीन आणि कादंबरी लिहिणारा. प्रत्येक गुन्ह्याकडे तो आधी लेखक म्हणून बघतो, मग पोलीस म्हणून. वोजो धिप्पाड, भाबडा, एका जागी न बसणारा. डीट्रिक पुढे आला. त्याला जगातलं सगळं माहीत असतं आणि ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. असा माणूस प्रत्येक कचेरीत एक असतो, फक्त डीट्रिकची माहिती बरोबर निघते. खालच्या मजल्यावरून टपाल घेऊन येणारा बुटका लेव्हिट, ज्याला वर बदली हवीय आणि दर वेळी कुणीतरी त्याला त्याच्या उंचीची आठवण करून देतं. आणि इन्स्पेक्टर ल्यूगर! जुन्या काळी आम्ही कसं झोडपायचो, याच्या गोष्टी सांगायला येणारा साहेब. तो जिन्यावर दिसला की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. हसता हसता जाणवतं, याला घरी वाट बघणारं कुणी नाही.

तक्रारदार तर एकेक नग. आपण लांडगा होणार म्हणून कोंडून घ्या सांगणारा माणूस. भविष्यकाळातून आलोय म्हणणारा माणूस. तो जाता जाता जस्ताला पुढे सोन्याचा भाव येणार असं सुचवतो आणि हॅरिस, सगळं हसण्यावारी नेल्यावर, हळूच फोनकडे वळतो. वोजोच्या मैत्रिणीनं केलेल्या ब्राउनीत चरस निघतो तो भाग मला तोंडपाठ आहे. सगळं ठाणं तर्र. फिशला कित्येक वर्षांनी अंगात तरतरी आल्यासारखं वाटतं आणि ती नेमकी बेकायदा निघते.

या सगळ्यांत बार्नी काय करतो? ऐकतो. लांडग्याला तो "वेड्यासारखं बोलू नका" म्हणत नाही. कधीपासून होतंय, विचारतो. फिर्यादी आणि आरोपी दोघंही दमेपर्यंत बोलू देतो आणि मग दोघांना लाज वाटेल इतक्या सभ्यपणे विचारतो, की आता काय करायचं? निम्म्या वेळा तक्रार मागे घेतली जाते. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, हजारो पोलिसांना घरी बसवलं होतं. दुसऱ्या हंगामात नोकरकपातीवरच एक भाग आहे. अशा शहरात रोज जिना चढून येणाऱ्या वैतागलेल्या माणसांना द्यायला त्या खोलीत होतंच काय? एक खुर्ची, आणि कॉफी.

कॉफी डिटेक्टिव्ह निक येमाना करायचा. गाडी धुतलेल्या पाण्यासारखी. सगळे पितात, सगळे तोंड वाकडं करतात, आणि आठवड्यानं पुन्हा पितात. येमाना घोड्यांच्या शर्यतीचं पान पुढ्यात धरून, डोळे न उचलता असं काही बोलतो की ते समजायला दोन सेकंद लागतात. मला हा सगळ्यांत लाडका. हे काम करणाऱ्या जॅक सू याचं खरं नाव गोरो सुझुकी. महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, त्यांत हा होता. युटातल्या टोपाझच्या छावणीत. तिथेही तो लोकांना हसवायचा म्हणतात. पुढे चिनी वळणाचं नाव घेऊन रंगमंचावर उभा राहिला आणि आशियाई माणसाला हास्यास्पद करणाऱ्या भूमिका नाकारत राहिला. येमाना तसा नाहीच. तो जपानी आहे म्हणून कुणी हसत नाही, त्याची कॉफी वाईट आहे म्हणून हसतात. ज्या देशानं कोंडून ठेवलं त्याच देशाच्या पोलिसाचं काम हा माणूस करतोय, समोर कोपऱ्यात पिंजरा, आणि हा शांतपणे घोडे निवडतोय. हे कळल्यावर मी जुने भाग पुन्हा पाहिले. त्याची नजर पिंजऱ्याकडे कधी जाते का, हे शोधत होते. नट इतका पक्का की काही म्हणता काही सापडलं नाही.

जानेवारी १९७९ मध्ये तो कर्करोगानं गेला. शस्त्रक्रियेला नेताना सहकाऱ्यांना म्हणाला, कॉफीमुळेच झालं असणार. त्याच वर्षी हंगामाच्या शेवटच्या भागात सगळे नट भूमिका बाजूला ठेवून, नेहमीच्याच खोलीत बसून त्याच्याबद्दल बोलले, त्याचे जुने प्रसंग दाखवले आणि कप उंचावले. दुसरा नट त्या भूमिकेत आणला नाही. ते बरं केलं.

शेवट कसा केला हेही सांगायला हवं, कारण त्यावर माझा राग आहे. ठाण्यात एक जुनं पिस्तूल सापडतं आणि उलगडा होतो, की पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट शहराच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते तेव्हा त्यांचं कार्यालय याच इमारतीत होतं. मग इमारत ऐतिहासिक ठरते, आणि त्याच कारणानं ठाणं बंद. भिंती जपायच्या, माणसं पांगवायची. बार्नीला बढती, लेव्हिटला अखेर सार्जंटचे पट्टे, बाकीच्यांच्या बदल्या चारी दिशांना. सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी हा टीव्हीवरचा मानाचा पुरस्कार मिळाला तोही १९८२ साली, दिवे मालवून झाल्यावर. सरकारी न्याय.

भाच्याला त्या दुपारी एक भाग दाखवला. अर्ध्यावर तो म्हणाला, "मावशी, पण काही घडतच नाहीये." मी म्हटलं, घडलं की रे आत्ता, डीट्रिकनं बघ कसं बघितलं. तो फोनकडे बघत होता.

जाऊ दे. शेवटचे तीन भाग मी हल्ली लावतच नाही. आठवा हंगाम तिथवर आला की थांबते आणि पहिल्यापासून सुरू करते. पहिला हंगाम तसा कच्चाच आहे. बार्नीच्या घरची दृश्यं फार, बायको काळजी करतेय वगैरे. ती मी पुढे ढकलते.