हृदयाचा रक्तपुरवठा अडतो तेव्हा: संगणकीय मॉडेल उभारतानाचा माझा अनुभव

हृदयस्नायूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडल्यानंतर पहिल्या दहा मिनिटांत तिथल्या विद्युत क्रियेत काय बदल होतात, हे संगणकावर तपासणे हा माझ्या एम.टेक.च्या प्रबंधाचा विषय होता. झटका आलेला रुग्ण दवाखान्यात पोहोचण्याआधीच दगावतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा हृदयाची बिघडलेली लय असते. म्हणून मला हा विषय घ्यावासा वाटला.

पेशीचे मॉडेल नव्याने लिहिण्याची गरज नव्हती. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूसाठी मांडलेल्या समीकरणांच्या धर्तीवर डेनिस नोबल यांनी १९६२ मध्ये हृदयपेशीचे मॉडेल मांडले आणि पुढे त्यांत भर पडत गेली. मी लुओ आणि रुडी यांचे १९९४ चे गिनिपिगच्या हृदयपेशीचे मॉडेल घेतले. रक्त थांबले की पेशीबाहेर पोटॅशियम साचते, आम्लता वाढते आणि ऑक्सिजनअभावी एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन, घटते. माझ्या मार्गदर्शक मॅडमचा आग्रह होता की हे तिन्ही बदल एकदम लावायचे नाहीत, एकेक लावून पाहायचे. कोणत्या बदलाने काय होते हे वेगळे दिसले नाही, तर मॉडेल करून उपयोग काय, हे त्यांचे म्हणणे मला आजही पटते.

सर्वांत जास्त वेळ पोटॅशियमने घेतला, आणि तो सार्थकी लागला. पेशीबाहेरचे प्रमाण ५.४ मिलिमोलवरून १० मिलिमोलवर नेले, की पेशीच्या आतल्या-बाहेरच्या प्रमाणांवरून व्होल्टेज काढणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणानुसार पोटॅशियमचे समतोल व्होल्टेज (विश्रांतीत पेशीचे व्होल्टेज याच्याच जवळ असते) सुमारे उणे ८८ वरून उणे ७१ मिलिव्होल्टवर येते. विश्रांतीतच पेशीचे व्होल्टेज असे वर सरकल्यामुळे सोडियम चॅनेलांपैकी, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या पडद्यातील दारांपैकी, बरीचशी निष्क्रिय होऊन बसतात आणि एका पेशीतून दुसरीत जाणारी विद्युत लहर मंदावते. मात्र पोटॅशियम थोडेच वाढलेले असताना लहर उलट किंचित वेगाने जाते, कारण पेशी उत्तेजनाच्या उंबरठ्याजवळ आलेली असते. पेशींच्या एका लांब ओळीवर हा आलेख आधी थोडा चढून मग झपाट्याने उतरताना पाहिला, तेव्हा समीकरणांवरचा माझा विश्वास दृढ झाला. आम्लतेसाठी सोडियम आणि कॅल्शियमचे प्रवाह साधारण पाव हिश्शाने कमी केले. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एटीपी घटल्यावर उघडणारे पोटॅशियम चॅनेल मूळ मॉडेलमध्ये नव्हते, ते जोडल्यावर ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे प्रत्येक ठोक्याला पेशीच्या व्होल्टेजमध्ये येणारा चढउतार, चांगलेच आखूड झाले.

गणनेचे काम चिकाटीचे होते. सोडियमची उसळी मिलिसेकंदाच्या आत संपते, म्हणून गणनेत प्रत्येक वेळी ०.०१ मिलिसेकंदाचेच पाऊल पुढे टाकावे लागते, म्हणजेच हृदयाच्या एका सेकंदासाठी प्रत्येक पेशीमागे एक लाख पावले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही रन रात्री लावत असू, आणि पावसाळ्यात नाशिकमध्ये वीज जाण्याची धास्ती असल्यामुळे ठरावीक अंतराने सर्व चलांची स्थिती डिस्कवर जतन करत असू.

शेवटी पेशींचा सपाट पट्टा केला. मधला भाग बाधित, कडेला निरोगी आणि दोहोंच्या दरम्यान हळूहळू बदलणारी सीमा. बाधित पेशींचे ॲक्शन पोटेन्शियल आखूड असले, तरी ते संपल्यावरही त्या बराच वेळ पुन्हा उत्तेजित होत नाहीत. त्यामुळे अकाली सोडलेला ठोका सीमेवर एका बाजूने अडला, दुसऱ्या बाजूने वळसा घालून आत शिरला आणि आपल्याच वाटेवर पुन्हा फिरू लागला. जीवघेणी लय सुरू होण्याची ही वाट मला पडद्यावर प्रत्यक्ष दिसत होती.

गंगापूर रोडवरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी हे निकाल बारकाईने पाहिले. बाधित आणि निरोगी भागांच्या व्होल्टेजमधील फरकामुळे वाहणारा प्रवाहच ईसीजीतील एसटी भाग (ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरचा सपाट भाग) सरकवतो, हे आमच्या आलेखांत त्यांना लगेच सापडले. मग त्यांनी विचारले, “माझे बरेच रुग्ण अर्ध्या तासाने येतात. त्या वेळेचे काय?” तोवर शेजारच्या पेशींना जोडणारे दुवे बंद पडू लागतात आणि लय बिघडण्याचा दुसरा टप्पा सुरू होतो. माझ्या मॉडेलमध्ये हे दुवे अजून स्थिर धरलेले आहेत. ते काळानुसार बदलणारे करण्याचे काम मी आता हाती घेतले आहे.