मागायला लागू नये म्हणून

रविवार, रात्र

सिसिली सॉन्डर्स यांच्याविषयी दुपारी वाचायला घेतलं आणि संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. मूळच्या त्या नर्स. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, मग रुग्णालयातच समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. पोलंडहून लंडनला आलेला ज्यू निर्वासित, जेमतेम चाळिशीचा, कर्करोगाने खंगलेला. जवळचं म्हणावं असं तिथे कुणी नाही. आपल्या जगण्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही, हे त्याचं खरं दुखणं. मरणपंथाला लागलेल्यांसाठी एखादी वेगळी जागा असावी, ही कल्पना त्या दोघांच्या गप्पांमधून आकाराला आली. १९४८ मध्ये तो गेला. जाताना सिसिलींसाठी ५०० पौंड ठेवून गेला, तुमच्या घराची एक खिडकी माझी असू दे म्हणून.

घराचा अजून पत्ताच नव्हता! त्यासाठी सिसिली आधी डॉक्टर झाल्या, १९५७ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर. सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांसाठीचं ते घर, सुरू झालं १९६७ मध्ये. एका माणसाच्या शब्दाखातर एकोणीस वर्षं. मला वाटतं, कृतज्ञता म्हणजे हीच. नुसते आभार मानून ती फिटत नाही, ती कामाला लावते.

पण मी सगळ्यात जास्त रेंगाळले ते मॉर्फिनपाशी. तेव्हाची रीत अशी, की वेदना असह्य झाल्या की रुग्णाने मागायचं, मग डोस मिळायचा. म्हणजे दर वेळी आधी तळमळायचं, मग याचना करायची, आणि मधल्या वेळात पुढच्या कळेची धास्ती. सिसिलींनी आग्रह धरला तो घड्याळाप्रमाणे औषध देण्याचा, आधीच्या डोसचा असर ओसरण्यापूर्वी. सन्मान सन्मान म्हणतात तो मला या वेळापत्रकात दिसला. माणसाला हात पसरायची वेळच येऊ द्यायची नाही.

बाबा अंथरुणाला खिळल्यापासून हे मी रोज बघतेय. त्यांना तहान लागते तेव्हा ते पाणी मागत नाहीत. पेल्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मी कामात असले की नजर वळवतात. म्हणून आता पेला त्यांच्या उजव्या हाताशी असतो, चष्मा उशीखाली नाही तर उशीच्या कडेला, काच वर करून. परवा त्यांनी कुणालाही हाक न मारता चष्मा घातला आणि पेपर उघडला. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो निवांतपणा बघून मला फार बरं वाटलं.

तरी टास्माची गोष्ट मनातून जात नाही. त्याची नीट देखभाल होत असेलही. त्याला हवं होतं ते आपल्याकडून कुणाला तरी काही देणं. बाबांचं सगळं आम्ही करतो, पण त्यांच्याकडून काही घेत मात्र नाही. एवढी वर्षं गणित शिकवलेला माणूस.

भाचीचे अपूर्णांक अडलेत. छेद वेगळे असले की बेरीज चुकते म्हणे. उद्या संध्याकाळी वही घेऊन ये म्हणून तिला सांगितलंय, आणि मी मध्ये बसणार नाहीये.